कंबरेला धरायला शिकवू या



या महिन्यात एकाच पत्राला उत्तर देत आहे. पत्र चार पानी आहे, पण त्यातला प्रश्न एका ओळीचा आहे आणि तो बऱ्याच घरांतला आहे, हे मला दवाखान्यातल्या अनुभवावरून माहीत आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे वय ४२. घरीच शिलाईचे काम करतात. लग्नसराईत आणि ईदच्या आधी रोज सात-आठ तास मशीनवर बसणे होते. तीन मुले आहेत. धाकटा पाच वर्षांचा, पण अजून कडेवर यायला मागतो. दीड वर्षापासून कंबर दुखते, उजवीकडे जास्त. एमआरआय काढला, त्यात खालच्या दोन मणक्यांमधली गादी फुगल्याचे निघाले. मग कंबरेचा पट्टा आला, शेकायची पिशवी आली, मलमे आली, शेजारणीने सांगितलेले डिंकाचे लाडू झाले. 'वाकायचे नाही' असा सल्ला मिळाल्यावर नमाज खुर्चीवर सुरू झाली. गेल्या रमजानची तरावीहसुद्धा खुर्चीवरच झाली. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "सवलत आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्या अम्मी सत्तरीच्या आहेत आणि त्या माझ्या शेजारी सजद्यात जातात. आपा, मला पुन्हा जमिनीवर डोके टेकवता येईल का?"

तुम्हाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय 'नक्की येईल' असे मी लिहिणार नाही. पण तुम्ही जे वर्णन केले आहे, तशा दुखण्यातून बहुतेक जणी सजद्यापर्यंत परत येतात. त्यासाठी जिम लागत नाही, वेगळे कपडे लागत नाहीत. सलवार-कमीजमध्ये, जानमाजच्या जागेत, पंधरा मिनिटांत होईल एवढेच काम आहे. मात्र ते रोज करावे लागते.

एक गोष्ट आधीच सांगते. आजाऱ्याला बसून नमाज अदा करण्याची सवलत दिलेली आहे, तिचा अपराधी भाव मनात ठेवू नका. माझी तक्रार खुर्चीबद्दल नाही. खुर्ची देताना ती किती दिवसांसाठी आणि त्या दिवसांत कंबरेने काय करायचे, हे तुम्हाला कोणी सांगितले नाही, याबद्दल माझी तक्रार आहे.

आता एमआरआयच्या त्या कागदाबद्दल. तो कपाटात ठेवून द्या. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी, ज्यांना कंबरदुखीच नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. चाळिशीच्या आसपासच्या निम्म्या लोकांत गादी फुगलेली होती. त्यांना काहीही दुखत नव्हते! याचा अर्थ तुमचे दुखणे खोटे आहे असा नाही. अर्थ एवढाच, की कागदावरची गादी पाहून कंबर 'मोडली' असे समजू नये. केस पांढरे होतात तसा हा वयाचाही भाग असतो.

मग दुखते कशाने? स्नायू तीन प्रकारे काम करतो. पाण्याची कळशी उचलता तेव्हा दंडाचा स्नायू आखडून लहान होतो. ती हळूच खाली ठेवता तेव्हा तोच स्नायू ताण सोडत लांब होतो. आणि कळशी हातात घेऊन दारात शेजारणीशी बोलत उभ्या राहता, तेव्हा स्नायू लांब होत नाही, आखूड होत नाही, नुसता धरून ठेवतो. या तिसऱ्या कामाला आयसोमेट्रिक म्हणतात. पाठीच्या आणि पोटाच्या खोलवरच्या स्नायूंचे दिवसभराचे मुख्य काम हेच, मणक्याला धरून ठेवणे. हात-पाय हलतात, त्या वेळी मधला खांब डुगडुगू नये म्हणून ते तणाव धरतात. मशीनवर तुम्ही सुईकडे झुकता तेव्हा पाठीचे स्नायूच तुम्हाला धरून असतात. ते थकले की सगळा भार सांध्यांवर आणि गाद्यांवर येतो.

डेन्मार्कमधल्या एका डॉक्टरांनी १९८४ साली हेच मोजून दाखवले. माणसाला टेबलावर पालथे झोपवायचे, पाय बांधायचे, कंबरेच्या वरचे अंग टेबलाबाहेर ठेवायचे आणि ते सरळ रेषेत किती वेळ धरून राहता येते ते पाहायचे. ज्या पुरुषांची पाठ जास्त वेळ टिकली, त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचे प्रमाण कमी होते. किती वजन उचलता येते, यापेक्षा किती वेळ धरता येते हे महत्त्वाचे ठरले. (हा प्रयोग घरी करून पाहू नका. पलंगावरून पडलेल्या एका उत्साही भावांना मी ओळखते.)

दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातला आहे आणि मला विचाराल तर कंबरदुखीच्या प्रत्येक माणसाने तो ऐकला पाहिजे. मणक्यांना अगदी चिकटून मल्टिफिडस नावाचा एक स्नायू असतो. पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांचा हा स्नायू सोनोग्राफीने पाहिला, तर दुखऱ्या बाजूला तो बारीक झालेला आढळला. चार आठवड्यांत जवळजवळ सर्वांचे दुखणे थांबले. पण ज्यांना फक्त औषध आणि नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांचा तो स्नायू दहा आठवड्यांनीही बारीकच होता. ज्यांनी तो स्नायू हलकेच आवळून धरण्याचा व्यायाम केला, त्यांचा भरून आला. वर्षभरानंतर विचारपूस केली, तेव्हा पहिल्या गटातल्या ८४ टक्के लोकांना पुन्हा दुखणे झाले होते, व्यायाम करणाऱ्यांत ३० टक्के लोकांना. माणसे थोडी होती, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ मानू नका. पण 'दर दोन-तीन महिन्यांनी कंबर धरते' असे सांगणारे इतके जण का भेटतात, ते यातून समजते. दुखणे जाते, स्नायू मात्र आपोआप परत कामाला लागत नाही. त्याला शिकवावे लागते.

तुमचे 'उजवीकडे जास्त' हे त्यातच येते. मूल सहसा एकाच कडेवर घेतले जाते. त्या वेळी एका बाजूचा खुबा बाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूचे पाठीचे स्नायू ओढून धरतात. त्यात मोटरच्या मशीनवर उजवा पाय पेडलवर असतो आणि अंग तिकडे कलते. वर्षानुवर्षे असे झाले की एक बाजू सतत ताठ, दुसरी ढिली. पुढून-मागूनही तेच होते. तासन्‌तास बसून जांघेतले स्नायू आखडतात आणि ज्यावर आपण बसतो ते बैठकीचे मोठे स्नायू सुस्त होतात. वाकताना-उठताना त्यांनी करायचे काम मग कंबरेवर पडते. रिक्षा चालवणाऱ्या भावांचे आणि आखातात दिवसभर ट्रेलर चालवणाऱ्यांचेही हेच. आखडलेल्या स्नायूला आपण जोरजोरात ताणायला जातो आणि तो आणखी आखडतो, कारण ढिली बाजू काम करत नाही तोवर त्याला सोडायची भीती वाटते.

व्यायामाआधी एक तपासणी मनाशी करा. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होत चालली, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. संध्याकाळी कसर, वजन घटणे आणि रात्री झोपमोड करणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग नाही ना, हे तपासून घ्यावे लागते. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. कर्करोग होऊन गेला असेल, किंवा वयस्क माणूस पडल्यानंतर दुखू लागले असेल, तरीही आधी डॉक्टर. गरोदर भगिनींनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खालचे काही करू नये.

सुरुवात पाठीवर झोपून. गुडघे वाकवा, पावले जमिनीवर. कंबरेच्या पुढच्या हाडांच्या दोन बोटे आत हाताची बोटे ठेवा आणि हलकेच खोका. बोटांखाली जे टणक झाले, तेच पाहिजे आहे. आता न खोकता तसे टणक करा, पण पूर्ण जोराने नव्हे. रुपयात चार आणे जोर पुरे. पोट आत ओढायचे नाही, फुगवायचे नाही. दहापर्यंत मोठ्याने मोजा आणि सोडा. मोठ्याने मोजायचे कारण असे, की मोजताना श्वास रोखता येत नाही. श्वास रोखून ताण दिला की रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, आणि चार आण्यांवर कधीही न जाता हे करावे. ज्यांना मोजण्याऐवजी तस्बीहचे शब्द सोयीचे वाटतात त्यांनी ते म्हणावेत, हरकत नाही.

तसेच पडून उजवा गुडघा छातीच्या दिशेने वर घ्या, डावा तळवा त्या गुडघ्यावर ठेवा. गुडघ्याने हाताला ढकला, हाताने गुडघ्याला. कोणीच हलायचे नाही. पोटाला तिरका ताण जाणवेल. दहा आकडे, मग दुसरी बाजू. त्यानंतर बैठकीचे स्नायू आवळून दहा आकडे धरा. हे काम तुम्ही मशीनवर बसल्या बसल्याही करू शकता, कोणाला कळणार नाही. सुस्त स्नायूला दिवसातून अशी पाच-सहा वेळा हाक मारली की तो जागा होतो.

आता कुशीवर. गुडघे वाकवून कोपरावर टेका आणि कंबर जमिनीपासून वर उचला, म्हणजे भार कोपर आणि गुडघ्यावर येईल. जमत नसेल तर भिंतीशी आडवे उभे राहा, कोपर भिंतीला लावा, पाय थोडे दूर घ्या आणि अंग फळीसारखे सरळ धरा. दोन्ही बाजूंना किती आकडे टिकते ते वहीत लिहून ठेवा. तुमच्या पत्रावरून मला वाटते की दोन बाजूंत चांगलाच फरक निघेल. ज्या बाजूला कमी टिकते तिथून सुरुवात करा आणि शेवटी त्याच बाजूला एक फेरी जास्त द्या. असमतोल दुरुस्त करण्याचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

शेवटचा व्यायाम हात-गुडघ्यांवर, मुलांबरोबर घोडा-घोडा खेळताना होतो तसा. आधी फक्त उजवा पाय जमिनीवरून मागे सरकवा. कंबर खाली झोळीसारखी पडत नसेल तरच पाय उचला, तोही कंबरेपेक्षा वर नाही. हे सोपे वाटू लागले की डावा हात पुढे करा. पाठीवर चहाची बशी ठेवली आहे असे समजा. सात-आठ आकडे, मग बाजू बदला.

दहा आकड्यांच्या पुढे धरून ठेवण्याची चढाओढ करू नका. धरलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, त्याला दम लागतो. लहान लहान धरणी आणि मध्ये सोडणे, यानेच टिकाव वाढतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी मणक्यावर तीस वर्षे काम केले. कुशीवरचा आणि घोड्याचा हे दोन्ही व्यायाम त्यांच्या निवडक तिनांतले आहेत. उतरत्या फेऱ्यांची त्यांची पद्धत मला फार आवडते: आधी सहा वेळा, थोडा दम खाऊन चार वेळा, मग दोन वेळा. थकवा वाढतो तशी फेरी लहान होते, त्यामुळे शेवटची धरणीही नीट होते.

मांडीच्या मागची शीर ओढल्यासारखी वाटते असे तुम्ही लिहिले आहे. तिथेही ताणण्याआधी धरणे. पाठीवर झोपून पायाच्या तळव्याला ओढणी अडकवा आणि पाय सुखाने येईल तेवढाच वर घ्या. आता टाचेने ओढणीला हलकेच खाली ढकला, ओढणी जाऊ देऊ नका. सात आकडे. मग श्वास सोडत पाय ढिला करा. तो आपोआप दोन बोटे वर येईल. तीन वेळा पुरे. मात्र पायात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखे झाले तर ती शीर नसून नस असते, हा व्यायाम सोडून द्या.

दुखण्याचा हिशोब असा ठेवा: व्यायाम करताना थोडी जाणीव झाली तर चालते. दुखणे कंबरेतून पायाकडे उतरू लागले तर थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त ताठरले असेल तर फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका. आणि पडून राहू नका. कंबरदुखीत दोन दिवस पडून राहणाऱ्यांपेक्षा सात दिवस पडून राहणारे लवकर बरे होत नाहीत, हे १९८६ सालीच तपासले गेले आहे. दोन दिवसवाले उलट लवकर कामावर गेले.

व्यायामाची वेळ फजरनंतर लगेच ठेवू नका. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात, तेव्हा त्यांना वाकणे सोसत नाही. सकाळी उठल्यावर सुरुवातीच्या वेळात कंबरेतून वाकणे टाळणाऱ्यांचे दुखणे कमी झाल्याचेही दिसले आहे. मग फजरचे काय? उठून घरात चार-पाच मिनिटे फिरा. वजू स्टुलावर बसून करा. मशिदीत वजूला बसायचे ओटे असतात, घरात मात्र आपण बेसिनवर कमरेतून झुकतो आणि एका पायावर उभे राहून दुसरा पाय बेसिनमध्ये घालतो. दुखऱ्या कंबरेला सकाळी सकाळी याहून वाईट काही नाही. मी आजवर जेवढ्या जणींना हे विचारले, तेवढ्या जणी हसल्या, कारण सगळ्याच तसे करतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नमाज ही इबादत आहे, तिला व्यायाम म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण इबादतीसाठी शरीर तयार करणे हा व्यायाम आहे. रुकूपासून सुरुवात करा. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभ्या राहा, गुडघे जरासे सैल. झाडूचा दांडा पाठीवर उभा धरा, डोके, पाठ आणि माकडहाड तिन्ही ठिकाणी लागला पाहिजे. आता पोटात चार आणे ताण घेऊन बैठक मागे भिंतीला टेकवा. दांडा तिन्ही ठिकाणी लागलेला राहिला, तर तुम्ही खुब्यातून वाकलात, कंबरेतून नाही. तिथे दहा आकडे धरा. पत्र वाचताना मला वाटले, की 'वाकू नका' या सल्ल्याऐवजी तुम्हाला हे दोन मिनिटांचे वाकणे कोणी शिकवले असते तर खुर्ची आलीच नसती. असो.

हे दोन-तीन आठवडे जमले की नमाजच्या वेळेखेरीज पलंगासमोर गुडघ्यांवर बसा, दोन्ही कोपरे पलंगावर ठेवा आणि बैठक टाचांकडे न्या, पाठ लांब ठेवून. पाच आकडे धरा, या. सोपे झाले की पलंगाऐवजी खुर्चीची बैठक, मग दोन जाड उशा, मग एक, मग जमीन. एका पायरीवर आठवडा लागो की महिना, घाई नाही. स्नायूत खरा फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात, तुमच्या दीड वर्षाच्या दुखण्याला तीन महिने धरून चला. जमिनीवरून उठताना हातांचा आधार घ्या. सजद्यात जाताना आधी गुडघे की आधी हात, आणि उंचवट्यावर सजदा याबाबतचे मसले मी सांगणार नाही, ते आपल्या आलिमांना विचारा. पहिले काही दिवस दोन रकअत जमिनीवर आणि बाकीची खुर्चीवर करता येईल का, हेही त्यांनाच विचारा. शरीराच्या बाजूने मला ते योग्य वाटते.

पट्टा एकदम टाकू नका. आधी घरकामाच्या वेळी, मग मशीनवर, असा कमी करा. मशीनवर दर अर्ध्या तासाला दोरा बदलायचे निमित्त करून उभ्या राहा. आणि धाकट्याला आता चालू द्या. अगदीच हट्ट धरला तर दुसऱ्या कडेवर घ्या.

महिनाभराने पुन्हा लिहा. डाव्या कुशीवर किती आकडे टिकले, उजव्या कुशीवर किती, आणि दांडा किती ठिकाणी लागला, एवढे तीन आकडे कळवलेत की पुढचे सांगते.